चाकांची घडवंची आणि घरचा हिरवा चारा

फाल्गुन सरत आला की कोरडवाहू गावांतल्या गोठ्यांत एकच प्रश्न उभा राहतो. कडब्याची गंज आहे, भुसकट आहे, पण हिरवी काडी कुठून आणावयाची? विहिरीत पाणी असते ते माणसांना व जनावरांना पिण्यापुरते. त्यात चाऱ्याचे वाफे भिजवणार कोण? आपल्या महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. २०१९ च्या उन्हाळ्यात दुष्काळी भागात पुन्हा जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. अशा दिवसांत ज्याच्या दावणीला एखादीच गाय किंवा चार शेळ्या असतात, त्याला जनावर बाजारात नेऊन पडेल त्या भावाने विकण्याचा विचार करावा लागतो. अशा घरासाठी मी आज एका साध्या साधनाची हकीकत सांगणार आहे.

हे साधन म्हणजे चाके लावलेली घडवंची. पाण्याचे हंडे किंवा धान्याची पोती ठेवावयाची लाकडी घडवंची तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. तीच जरा उंच करावयाची, तिला चार मजले करावयाचे, प्रत्येक मजल्यावर दोन ट्रे ठेवावयाचे आणि खाली चाके बसवावयाची. या ट्रेंमध्ये मातीवाचून, नुसत्या पाण्यावर मक्याचा हिरवा चारा वाढतो.

मातीवाचून शेती! ऐकणाऱ्याला हे नवल वाटते, पण कल्पना काही कालची नाही. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड याने १६९९ साली पुदिन्याची रोपे नुसत्या पाण्यात वाढवून पाहिली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीत सॅक्स व नोप या शास्त्रज्ञांनी वनस्पतींना कोणकोणते क्षार लागतात हे शोधून, ते पाण्यात विरघळवून रोपे वाढविली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेरिक नावाच्या प्राध्यापकाने अशा पाण्यावर टोमॅटोचे उंचच उंच वेल चढविले, आणि १९३७ साली या विद्येला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘पोनॉस’ म्हणजे श्रम. पाण्याकडून काम करून घेण्याची विद्या, असा त्याचा अर्थ. आपल्या देशातही १९४६ पासून बंगालमधील कालिंपाँग येथे शोल्टो डग्लस यांनी स्वस्त साधनांनी असे प्रयोग केले. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या केंद्रात मक्याच्या अशा चाऱ्याचा अलीकडे चांगला अभ्यास झालेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, पाण्यात क्षार घालावयाचे तर तो खर्च आला. पण आपल्या चाऱ्याला क्षारही लागत नाहीत. मक्याच्या दाण्यात कोवळ्या कोंबासाठी निसर्गाने शिदोरी बांधूनच दिलेली असते. पहिले सात-आठ दिवस कोंब त्या शिदोरीवर जगतो. तेवढ्यात आपण त्याला जनावरापुढे टाकतो. साध्या स्वच्छ पाण्यावर काम भागते ते यामुळेच.

आधी हिशेब, मग हातोडी

लाकूड कापण्यापूर्वी एक हिशेब करू या. ‘एक किलो मक्यापासून दहा किलो चारा’ अशी जाहिरात पुष्कळ ठिकाणी दिसते. घरच्या साध्या व्यवस्थेत एक किलो मक्यापासून पाच ते सहा किलो चारा मिळतो. बरे, सहा किलो मिळाला असे धरू. एकाचे सहा झाले, हे खरे. पण वाढले काय?

कोरड्या मक्याच्या एका किलोत सुमारे ९०० ग्रॅम कोरडा भाग असतो, उरलेले पाणी. तयार झालेल्या सहा किलो चाऱ्यात शेकडा १३ च्या आसपास कोरडा भाग भरतो, म्हणजे सुमारे ७८० ग्रॅम. उरलेले पाच किलोंहून जास्त वजन पाण्याचे! म्हणजे कोरडे अन्न वाढले नाही, उलट थोडे घटलेच. त्याचे कारणही साधे आहे. कोंब जिवंत असतो, तो श्वास घेतो आणि त्या श्वासापायी शिदोरीतले काही अन्न जळते.

मग हा उद्योग करावयाचा तरी कशाला? कारण त्या दाण्यात दुसरे बदल होतात. पिठूळ भागाची काही अंशी साखर होते, हिरव्या पानात ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य तयार होते, आणि कोरड्या कडब्यावर कंटाळलेले जनावर त्या हिरव्या घासाबरोबर कडबाही आवडीने खाते. शिवाय पाणी फार थोडे लागते. एक किलो चाऱ्याला साधारण दोन ते तीन लिटर पाणी पुरते. म्हणून या चाऱ्याकडे भाजीसारखे पाहा, भाकरीसारखे नव्हे. कडबा ही भाकरी आणि हा हिरवा घास ही भाजी. नुसत्या भाजीवर जसे कोणाचे पोट भरत नाही, तसे नुसत्या या चाऱ्यावर जनावर पोसत नाही. एका गाईला दिवसाला एक ट्रे, म्हणजे पाच-सहा किलो, आणि शेळीला अर्धा ते एक किलो, हे प्रमाण ठीक. ज्याच्या शेतात उन्हाळ्यातही लसूणघास किंवा हत्तीगवत हिरवे उभे आहे, त्याला या खटाटोपाची गरजच नाही. ज्याच्याकडे हिरवी काडी नाही, पण थोडा मका व घागरभर पाणी आहे, त्याच्यासाठी हे साधन आहे.

चाके कशासाठी?

घडवंची एका जागी ठेवली तर चालणार नाही का? सावलीची, वाऱ्याची, थोड्या उजेडाची जागा वर्षभर लाभत असेल तर खुशाल चालेल. पण आपल्या घरांत अशी जागा क्वचित असते. या चाऱ्याला २० ते २८ अंशांची हवा मानवते. तापमान ३२-३५ च्या वर गेले, त्यात ओल आणि कोंदट हवा मिळाली, की बुरशी आलीच म्हणून समजा. आणि आपला वैशाख तर चाळीस अंश ओलांडतो! म्हणून सकाळचे कोवळे ऊन तास-दीड तास द्यावे, दुपारी घडवंची आतल्या गारव्यात न्यावी, चहूकडून ओले गोणपाट सोडावे, आणि रात्री वाऱ्याला पुन्हा पडवीत आणावी. आठ ट्रे हातांनी उचलून असे दोनदा हलवावयाचे तर चाळीस किलोंचे ओझे दोनदा वाहिल्यासारखे होते. आणि हे काम घरात बहुधा कोणाच्या गळ्यात पडते, हे सांगावयास नको. चाके असली तर हे ओझे बाईमाणसाच्या कंबरेवर न पडता लोखंडावर पडते. शिवाय घडवंची सरकवून खालची जमीन रोज झाडता व धुता येते. ओल साचली नाही की बुरशीचे निम्मे घर मोडले.

घडवंचीचे माप

ट्रे प्लॅस्टिकचा, दोन फूट लांब आणि १६ इंच रुंद, साधारण तीन इंच काठाचा घ्यावा. चारा आठव्या दिवशी तयार होतो. म्हणून रोज एक ट्रे हवा असेल तर आठ ट्रे पाहिजेत. चार मजले, मजल्याला दोन ट्रे, असा हिशेब बसतो.

लाकूड निलगिरीचे, बाभळीचे, किंवा जुन्या घराच्या मोडीतले वासे सुताराकडून रंधून घेतले तरी चालेल. मात्र वाळवी लागलेले किंवा पीळ पडलेले नको. लागेल ते असे:

उभे खांब चार, दोन इंच जाड व दोन इंच रुंद, प्रत्येकी ५० इंच लांब. आखूड आडव्या पट्ट्या आठ, दोन इंच रुंद व एक इंच जाड, प्रत्येकी २४ इंच. लांब आडव्या पट्ट्या चौदा, तेवढ्याच जाडीच्या, प्रत्येकी ४० इंच. यांतल्या बारा ट्रेखाली आणि दोन पायथ्याशी. पायथ्याच्या फळ्या दोन, चार इंच रुंद, दीड इंच जाड, प्रत्येकी ३० इंच लांब. तिरक्या पट्ट्यांसाठी थोडे जादा लाकूड. जोडकामाला नट-बोल्ट व वायसर. नुसते खिळे मारू नका. जी वस्तू रोज हलते तिचे खिळे महिन्याभरात सैल होतात. बोल्ट सैल झाला तर पान्याने पुन्हा आवळता येतो.

प्रथम दोन बाजू तयार कराव्या. दोन खांब जमिनीवर आडवे ठेवा, बाहेरच्या कडा २४ इंच अंतरावर येतील असे. त्यांवर आतल्या अंगाने चार आखूड पट्ट्या जोडा. पट्टीची वरची कड पुढच्या खांबावर, खालून मोजता, पहिली ५ इंचांवर, दुसरी १९ वर, तिसरी ३३ वर आणि चौथी ४७ वर येऊ द्या. मागच्या खांबावर हीच पट्टी एक इंच वर धरावी. हा एक इंच विसरू नका. त्यानेच ट्रेला पुढे उतार मिळतो व जादा पाणी वाहून जाते. अशाच दुसऱ्या बाजूच्या पट्ट्या. दोन मजल्यांमध्ये १४ इंच अंतर राहते. चारा आठ-दहा इंच वाढला तरी झारी धरावयास हात आत जातो.

आता दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करा आणि आखूड पट्ट्यांवर लांब पट्ट्या टेकवा. मजल्याला तीन: एक पुढच्या कडेपासून तीन इंच आत, एक मध्ये, आणि एक मागच्या कडेपासून तीन इंच आत. यामुळे ट्रेचा पुढचा भाग पट्टीच्या पुढे मोकळा राहतो. ट्रेला बारीक भोके पाडावयाची ती याच पुढच्या भागात, सात-आठ. त्या मोकळ्या भागाखाली पाण्याची पन्हळ येईल.

चौकट हलते, त्रिकोण हलत नाही

एवढे जोडून झाल्यावर घडवंचीला हात लावून पाहा. ती डुलेल. बोल्ट कितीही आवळा, ती डुलणारच. येथे शिक्षकांना वर्गात दाखविण्याजोगा एक प्रयोग आहे. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या, टोकांना टाचणीने जोडून चौकट करा आणि एका कोपऱ्यावर दाबा. चौकट तिरपी होऊन पसरते. मग तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून दाबा; पट्टी मोडल्यावाचून तो आकार बदलत नाही. कारण तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोनही ठरतात. चौकोनाचे तसे नाही. भूमितीच्या पुस्तकातले हे सत्य छपराच्या कैचीत आहे, पुलात आहे, आणि आपल्या घडवंचीतही आणावयाचे आहे. म्हणून पाठीमागे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारख्या दोन तिरक्या पट्ट्या बसवा, आणि दोन्ही बाजूंना एकेक. पुढचे अंग ट्रे काढण्यासाठी मोकळे राहू द्या. इतके केले की तीच डुलणारी घडवंची दगडी खांबासारखी उभी राहते.

पायथा व चाके

आता सर्वांत नाजूक भाग. पुष्कळ जण चाकाचा खिळा सरळ खांबाच्या बुडात ठोकतात. खांबाच्या बुडाशी लाकडाच्या उभ्या शिरा कापलेल्या असतात. तेथे खिळा किंवा स्क्रू धड पकड घेत नाही, आणि एखाद्या दिवशी चाक निखळून सगळा डोलारा खाली येतो. म्हणून पायथ्याच्या फळ्या. डाव्या दोन खांबांखाली एक व उजव्या दोन खांबांखाली एक, अशा त्या ठेवा. फळी ३० इंचांची आणि घडवंचीची खोली २४. म्हणून ती पुढे तीन व मागे तीन इंच बाहेर येईल. खांब फळीला काटकोनी लोखंडी पट्ट्यांनी पक्के करा आणि दोन्ही फळ्या उरलेल्या दोन लांब पट्ट्यांनी एकमेकींस जोडा. चाके फळीच्या टोकांशी, चार आरपार बोल्टांनी बसवावी.

चाके ट्रॉलीची घ्यावी. दुकानदार त्यांना कास्टर म्हणतो. चाकाचा व्यास चार इंचांहून कमी नको. लहान चाक खड्याला अडते, मोठे चाक त्यावरून चढून जाते. बैलगाडीचे चाक मोठे असते त्याचे हेही एक कारण आहे. एका फळीला सरळ धावणारी दोन आणि दुसऱ्या फळीला फिरणारी दोन अशी लावा. चारही फिरती लावली तर घडवंची मनास येईल तिकडे पळते. फिरत्या दोघांना ब्रेकची कळ असलीच पाहिजे.

चाक किती वजनाचे? लाकडाचे वजन सुमारे २५ किलो. आठही ट्रे भरगच्च झाले असे धरले तर ट्रेसकट ५६ किलो, वर भिजल्याचे पाणी आठ-दहा किलो. म्हणजे एकूण ९० किलो. चार चाकांवर भागिले तर साडेबावीस येतात, पण त्या भरवशावर राहू नका. जमीन कधी एकसारखी सपाट नसते. कोनाकोनातली दोनच चाके टेकली तर प्रत्येकावर ४५ किलो भार येतो. म्हणून दर चाक निदान ५० किलो पेलणारे घ्यावे.

चाकांचे सुख पक्क्या जमिनीवर. सारवलेल्या ओल्या जमिनीत बारीक चाक रुतते. तेथे जाण्या-येण्याच्या वाटेवर शहाबादी फरशीचे दोन पट्टे टाकावे, नाहीतर दोन लांब फळ्या रुळांसारख्या ठेवाव्या. आणि दाराचे माप सर्व कामाच्या आधी घ्या. पायथा ३० इंच रुंद आहे; त्याहून दार अरुंद असले तर घडवंची जिथे बांधली तिथेच कायमची राहील.

ती कलंडू नये म्हणून

उंच वस्तूला चाके लावली की कलंडण्याची धास्ती आली. घरात लहान मुले असतात. ती खेळताना मजल्यावर पाय देऊन चढणारच. म्हणून हा भाग लक्ष देऊन वाचा.

वस्तू कधी कलंडते? तिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायथ्याच्या बाहेर गेला की. शिक्षकांनी काडेपेटी पाटीवर आडवी व उभी ठेवून पाटी तिरपी करून दाखवावी. उभी पेटी लवकर पडते, आडवी उशिरा. पायथा रुंद आणि भार खाली, हे दोन उपाय ती पेटीच सांगते.

पायथा आपण रुंद केलाच आहे. भार खाली ठेवणे मात्र रोजच्या वागण्यावर अवलंबून आहे. नव्याने पेरलेला ट्रे अडीच किलोंच्या आसपास असतो, तयार झालेला सात किलोंचा. जड ट्रे खाली आणि हलके वर ठेवले तर घडवंचीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर राहतो. उलट ठेवले तर तो तीन फुटांवर जातो. अरुंद पायथ्याची, वर जड भार असलेली घडवंची एका बाजूने पाचेक इंच उचलली गेली तर कलंडते. रुंद पायथ्याची, खाली जड असलेली घडवंची नऊ इंचांहून थोडी जास्त उचलली जाईपर्यंत तग धरते. धक्का बसला तर दोन्ही याहून लवकर पडतील, पण फरक ध्यानात यावा म्हणून हे आकडे.

भार खाली ठेवण्याची युक्ती अगदी सोपी आहे. रोज सकाळी खालच्या मजल्यावरचा आठ दिवसांचा ट्रे काढा. त्या रिकाम्या जागी दुसऱ्या मजल्यावरचा जुना ट्रे उतरवा, त्याच्या जागी तिसऱ्यावरचा, त्याच्या जागी वरचा, आणि सर्वांत वर नवा. रोज तीनच ट्रे एकेक पायरी उतरतात, आणि जड ते आपोआप खाली येते. नव्या दाण्यांना पहिले दोन दिवस अंधार आवडतो, तेव्हा वरच्या मजल्यावर ओले गोणपाट झाकून ठेवले की झाले.

ढकलताना घडवंची लांबीच्या दिशेने ढकला, रुंदीच्या नव्हे. आणि हात वरच्या मजल्याला न लावता कमरेच्या खाली लावा. उंबऱ्यावरून नेऊ नका. तेथे फळीचा उतार करा. जागेवर आणली की ब्रेकची कळ दाबली का, हे रोज पाहावे. जागेवर असताना भिंतीतल्या कडीला एक दोरी बांधून ठेवली तर उत्तमच.

पाणी व पन्हळ

तीन इंची प्लॅस्टिकचा पाइप करवतीने उभा चिरला की दोन पन्हळी होतात. चार मजल्यांना चार पन्हळी, पुढच्या दोन खांबांना तारेने बांधाव्या. प्रत्येकीला एकाच बाजूस इंचभर उतार, आणि त्या टोकाला नळीचा तुकडा लावून पाणी खाली घमेल्यात सोडावे. वरच्या मजल्याचे पाणी खालच्या ट्रेवर ठिबकू देऊ नका. एका ट्रेला बुरशी लागली तर ती याच वाटेने सर्वांना लागते. घमेल्यातले पाणी पुन्हा चाऱ्यावर न मारता परसातल्या शेवग्याला किंवा कढीलिंबाला घालावे.

लाकडाला जवसाचे तेल दोन-तीन हात द्यावे. वाळल्यावर ओल आत शिरत नाही. ट्रे जेथे टेकतो तेथे डांबर किंवा गाडीचे जळके तेल लावू नका. ते शेवटी जनावराच्या पोटात जाईल.

चाऱ्याचे चार नियम

मका एक किलो घ्या, स्वच्छ धुवा, तरंगणारे दाणे काढून टाका. बारा तास पाण्यात भिजवा. मग ओल्या गोणपाटात बांधून एक दिवस ठेवा. कोंब डोकावले की ट्रेमध्ये पसरा. दर दोन-तीन तासांनी झारीने किंवा फवाऱ्याने थोडेथोडे पाणी द्या. आठव्या दिवशी मुळांची चटई विणल्यासारखी होते. ती मुळांसकट जनावराला घालावी. यापुढे ठेवू नका. शिदोरी संपते, कोंब पिवळा पडतो, आणि वजनाखेरीज हाती काही लागत नाही.

आता चार नियम. ते मोडले तर नफा राहो बाजूला, जनावर हातचे जाईल.

पहिला: पेरणीसाठी विकलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे कधीही वापरू नका. ते विष आहे. खाण्याचा, न किडलेला, अखंड मकाच घ्या. आणि तो उगवतो की नाही हे शंभर दाणे भिजवून आधी पाहा.

दुसरा: कीटकनाशक मारलेला पंप, डबा किंवा ट्रे या कामाला घेऊ नका, कितीही धुतला असला तरी.

तिसरा: ज्वारीचा असा चारा करू नका. कोवळी ज्वारी जनावराला लागते हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. तिच्या कोवळ्या पानांत एक द्रव्य असते, त्यापासून पोटात जहाल विष तयार होते. मका, गहू, सातू चालतात, ज्वारी नको.

चौथा: ट्रेमध्ये काळी, हिरवी किंवा पिवळी बुरशी दिसली, आंबूस वास आला, तर तो सबंध ट्रे उकिरड्यात खोल पुरावा. वरवर खरडून उरलेला घालू नये, कारण काही बुरशींचे विष डोळ्यांना दिसत नाही. ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावा. हे प्रत्येक फेरीनंतर, बुरशी असो वा नसो. मुळांजवळ पांढरे तंतू दिसले तर घाबरू नका. ती बहुधा कोवळ्या मुळांची लव असते. लव मुळालाच चिकटलेली असते व पाणी मारले की बसते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवर पसरते.

सुरुवात कशी करावी?

सगळी घडवंची आजच बांधावयास बसू नका. प्रथम एकच ट्रे घ्या. घरातल्या गार कोपऱ्यात पाटावर ठेवा, खाली एका बाजूला विटेचा तुकडा सरकवून उतार द्या आणि आठ दिवस पाहा. दाणे घालण्याआधी तोला, तयार चारा तोला, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. जनावर खाते का, दुधात काही फरक दिसतो का, मक्याला किती पैसे पडले, हेही लिहा. असे तीन ट्रे झाले की तुमची वहीच तुम्हाला सांगेल, पुढे जावे की नाही.

शाळांना तर हा उद्योग फार उपयोगी आहे. सहावी-सातवीच्या मुलांनी लाकडाची मापे घ्यावी, त्रिकोणाचा प्रयोग करावा, रोज ट्रेचे वजन करून आलेख काढावा. आठव्या दिवशीचा मूठभर चारा तोलून, उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा तोलला, तर सहा किलोंत पाणी किती व अन्न किती हे मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. गणित, विज्ञान आणि शेती असे तीन धडे एका घडवंचीवर मावतात. आणि उद्या एखादा जाहिरातवाला त्यांच्या घरी येऊन ‘एकाचे दहा’ असे सांगू लागला, तर ती मुले त्याला शांतपणे विचारतील, “काका, वाळवल्यावर किती भरतात?”